रेड फ्लॅग वॉर्निंग, वीज बंद आणि घरात ऑक्सिजनचं मशीन: तयारी कशी करावी?

रानवारा
नमस्कार मंडळी,

आम्ही कॅलिफोर्नियात ओरिंडाला टेकडीवर राहतो. फेब्रुवारीपासून माझे सासरे कायमचे आमच्याकडे आलेत. त्यांना फुप्फुसाचा जुना आजार आहे, ऑक्सिजन कॉन्सन्ट्रेटर (हवेतून ऑक्सिजन वेगळा करून देणारं, विजेवरचं मशीन) रात्रभर आणि दिवसाही बराच वेळ लागतो. २०१९ साली आम्ही खाली सपाटीला भाड्याच्या घरात होतो. तेव्हा दोन दिवस वीज नव्हती, ते आम्ही पत्ते खेळून काढले. या वेळी तसं चालणार नाही.

सप्टेंबर संपत आला. टेकडीवरचं गवत पार वाळून गेलंय आणि पावसाचा पत्ता नाही. सुसाट कोरडा वारा येणार असला की वीज कंपनी तारांमुळे आग लागू नये म्हणून आधीच वीज बंद करते, ते पीएसपीएस आता कधीही होऊ शकतं. नवरा म्हणतो, जनरेटर आणून ठेवू. पण बाबांना रात्री दोनला धाप लागली आहे आणि आम्ही अंगणात अंधारात जनरेटरची दोरी ओढतोय, हेच चित्र माझ्या डोळ्यापुढे येतं. ज्यांच्या घरी असं मशीनवर अवलंबून असलेलं माणूस आहे त्यांनी काय केलं? कृपया सविस्तर लिहा.

कोयरी
आधी मेडिकल बेसलाइनचा फॉर्म भर, म्हणजे मशीनवर अवलंबून असलेल्या रुग्णांच्या वीज कंपनीकडच्या यादीत नाव घाल. आजच. वीजबिल तुमच्या नावावर असलं तरी चालतं, रुग्ण त्या घरात कायम राहणारा हवा आणि डॉक्टरांचं प्रमाणपत्र हवं. दरात सवलत मिळते हा वेगळा फायदा, पण खरं महत्त्व वीज जाण्याआधीच्या सूचनांना आहे. मेसेज आणि फोन केले आणि तुमच्याकडून उत्तर गेलं नाही, तर माणूस दारात येऊन सांगतो. आईसाठी आम्ही केलंय.

एकच लक्षात ठेव. या यादीत नाव असलं म्हणून तुमची वीज चालू राहत नाही. फक्त आधी कळतं. आम्हाला सुरुवातीला उलटं वाटलं होतं.

रानवारा
कोयरी, मलाही अगदी तसंच वाटत होतं! बरं झालं सांगितलंस. उद्याच डॉक्टरांना पोर्टलवर लिहिते.

ओम_व्होल्ट
हिशोब मांडतो, म्हणजे काय विकत घ्यायचं ते ठरवता येईल.

घरी वापरायचा पाच लिटरचा कॉन्सन्ट्रेटर साधारण ३०० ते ३५० वॉट खातो. मशीनच्या मागच्या पट्टीवर आकडा असतो, तो बघा. ३५० धरले तर चोवीस तासांना ८.४ किलोवॉट-अवर होतात. दुकानात मिळणारी एक किलोवॉट-अवरची पोर्टेबल बॅटरी, इन्व्हर्टरमधला तोटा जाता, हे मशीन जेमतेम अडीच तास चालवेल. लोक ती बॅटरी आणतात, फ्रिज आणि फोन चालतात म्हणून खूश होतात, आणि ऑक्सिजनलाही पुरेल असं धरून चालतात. नाही पुरत.

भिंतीवर बसवायची पॉवरवॉलसारखी बॅटरी १३.५ किलोवॉट-अवरची येते. तिच्यावर फक्त मशीन, एक दिवा आणि राउटर ठेवला तर दीड दिवस निघतो. एसी किंवा इलेक्ट्रिक शेगडी लावली तर गणित कोलमडलं.

कुणाकडे सीपॅप (झोपेत श्वास अडू नये म्हणून हवा देणारं मशीन) असेल तर त्यांचं काम सोपं आहे. पाणी गरम करणारा भाग बंद ठेवला तर ते फार कमी वीज घेतं, पाचशे वॉट-अवरच्या बॅटरीवर एक-दोन रात्री निघतात.

पाणपोई
ओम_व्होल्ट, फार उपयोगी. यात सिलिंडरची भर घालते, मी रेस्पिरेटरी थेरपिस्ट आहे. कॉन्सन्ट्रेटर देणारी कंपनी मागितल्यावर बॅकअपला ऑक्सिजनचे सिलिंडर देते. ई आकाराच्या सिलिंडरमध्ये साधारण ६८० लिटर ऑक्सिजन असतो. बाबांना मिनिटाला दोन लिटर लागत असेल तर साडेपाच तास. म्हणजे एका रात्रीला दोन सिलिंडर धरा. किती लिटर लावायचा ते डॉक्टरांनी सांगितलंय तेवढंच, अंधारात घाबरून वाढवू नका. काही रुग्णांना जास्त ऑक्सिजन अपायकारक ठरतो.

रेग्युलेटर, म्हणजे सिलिंडरवर बसणारी ऑक्सिजनचा प्रवाह ठरवणारी चावी, बसवायला दिवसाउजेडी शिका, घरातल्या प्रत्येकाने. आणि ज्या खोलीत ऑक्सिजन सुरू आहे तिथे मेणबत्ती, पणती, उदबत्ती, काहीही नको.

समई
पाणपोईने पणतीचं लिहिलं आणि २०१९ची दिवाळी आठवली. लक्ष्मीपूजन २७ ऑक्टोबरला होतं आणि नेमकी आदल्या संध्याकाळी आमची वीज गेली. सोनोमा काउंटीत किनकेड आग पेटलेली होती. फ्रीझरमध्ये ओलं खोबरं, खवा, शेजारणीने ठेवायला दिलेलं चक्क्याचं पातेलं. बाहेर वारा असा की ओसरीवर पणती टिकलीच नसती, आणि टिकली असती तरी मी लावली नसती. पूजा बॅटरीच्या दिव्यांत केली. मुलगी म्हणाली, आई, पूर्ण गल्लीत अंधार आहे, लक्ष्मीला घर कसं सापडेल? मी तिला टॉर्च देऊन खिडकीत उभं केलं. तासभर उभी होती पोर.

चक्का मात्र टाकावा लागला. फ्रिज बंद ठेवला तर चार तास थंड राहतो. फ्रीझर गच्च भरलेला असेल तर ४८ तास, अर्धा असेल तर २४. मी दर थोड्या वेळाने उघडून बघत होते, त्यातच गेलं सगळं. आता फ्रीझरमध्ये मोकळी जागा दिसली की पाण्याच्या बाटल्या गोठवून भरते, आणि आत एक थर्मामीटर ठेवलाय. ४० फॅरनहाइटच्या वर दोन तासांपेक्षा जास्त राहिलेलं दूध, दही, शिजवलेलं अन्न टाकायचं. चव घेऊन बघायची नाही.

सदाशिवपेठी
पुण्यातून वाचतोय. लोडशेडिंगमध्ये आम्ही दहावी-बारावीचे अभ्यास केले, त्यामुळे दोन दिवस वीज नाही यावर एवढा मोठा धागा बघून आधी आश्चर्य वाटलं. पण समईताईंची टॉर्च घेऊन उभी राहिलेली लेक वाचली आणि ऑक्सिजनचा हिशोब वाचला, मग कळलं. एक शंका: वारा आला म्हणून वीज बंद, म्हणजे नेमकं काय होतं?

वायरमन_काका
मी तीस वर्षं ट्रान्समिशनमध्ये, म्हणजे वीज लांबवर नेणाऱ्या मोठ्या लाइनींच्या कामात काढली, आता निवृत्त आहे. सांगतो.

उत्तर कॅलिफोर्नियात सप्टेंबर ते नोव्हेंबर, पहिला पाऊस पडेपर्यंत, ईशान्येकडून डोंगर उतरून वारा येतो. त्याला डायब्लो म्हणतात, दक्षिणेत सांता आना. उतरताना तो तापतो आणि कोरडा होतो, हवेतली आर्द्रता दहा टक्क्यांच्या खाली जाते. उन्हाळाभर थेंब न पडलेलं गवत, त्यात फांदी तारेवर आपटली किंवा दोन तारा एकमेकींना भिडल्या की ठिणगी पडते. एरवी विझून जाईल अशी ठिणगी त्या वाऱ्यात काही मिनिटांत आवरेनाशी होते. हवामान खातं रेड फ्लॅग वॉर्निंग, म्हणजे आग भडकण्याच्या धोक्याचा इशारा देतं, आणि वीज कंपनी आपल्या तारांचा वेगळा अंदाज बांधून कुठली फीडर (एखाद्या भागाला वीज पुरवणारी लाइन) बंद करायची ते ठरवते.

लोक विचारतात, वारा पडला तरी वीज का येत नाही? कारण बंद केलेल्या तारेचा प्रत्येक मैल कुणीतरी डोळ्यांनी बघावा लागतो. गाडीने, पायी, हेलिकॉप्टरने, आणि तेही उजेडात. कुठे एक फांदी तारेवर पडली असेल आणि आम्ही तशीच वीज सोडली तर ज्या कारणाने बंद केली तेच आपल्या हाताने घडवलं. वारा संध्याकाळी पडला तर पाहणी सकाळी. त्यामुळे वारा बारा तासांचा असला तरी तयारी दोन दिवसांची ठेवा.

आणखी एक. तुमच्या घरावर पान हलत नसलं तरी वीज जाऊ शकते. तुम्हाला वीज आणणारी मोठी लाइन कुठल्यातरी डोंगरावरून येत असते.

ठिणगी
काका, तुमचा मान राखून लिहितो. हे सगळं खरं, पण ही वेळ का आली? ८ नोव्हेंबर २०१८ला इथलंच, उत्तर कॅलिफोर्नियातलं पॅराडाइज गाव जळालं, ८५ माणसं गेली. कारण काय, तर ट्रान्समिशनच्या मनोऱ्यावरचा जवळपास शंभर वर्षं जुना, झिजलेला हुक तुटला. आपल्या वीज कंपनीने, पीजी अँड ईने, २०२०मध्ये कोर्टात ८४ मृत्यूंबद्दल सदोष मनुष्यवधाचा गुन्हा कबूल केला. वर्षानुवर्षं तारा बदलल्या नाहीत, झाडं छाटली नाहीत, आणि आता त्याची किंमत कोण मोजतंय? रानवाराचे सासरे. ८.४ किलोवॉट-अवरचा हिशोब घरातल्या सुनेने का करायचा?

वायरमन_काका
ठिणगी, तुझा राग मला परका नाही. तो हुक बदलायला हवा होता, यावर माझ्या पिढीतल्या कुणीही वाद घालू नये. आता जमिनीखाली तारा घालायचं काम सुरू आहे, २०२१मध्ये दहा हजार मैलांची घोषणा झाली. त्याला वर्षं लागतील. तोवर ज्या रात्री तसा वारा आहे त्या रात्री तार जिवंत ठेवावी असं मी म्हणू शकत नाही. हवाईतल्या लाहाइनाला ८ ऑगस्ट २०२३ला आग लागली तेव्हा असाच वारा होता, तिथल्या कंपनीकडे तेव्हा असा वीज बंद करण्याचा कार्यक्रमच नव्हता. शंभरावर माणसं गेली. पुढच्या वर्षी त्यांनी तो सुरू केला.

ठिणगी
मान्य. बंद करू नका असं मी म्हणत नाही. बंद करणाऱ्याने ऑक्सिजनवरच्या माणसाची सोयही करावी, एवढंच.

कोयरी
थोडीफार होते, पण मागावी लागते. मेडिकल बेसलाइनवाल्यांना पोर्टेबल बॅटरी देण्याचे कार्यक्रम आहेत, आणि अपंग व्यक्तींसाठीच्या स्थानिक केंद्रांतून हॉटेल, वाहन यांची मदत मिळते. २११ला फोन केला की तुमच्या काउंटीत काय आहे ते सांगतात. वारा सुटायच्या आधी फोन करा, त्या दिवशी रांग असते.

डोंगरवाडी
आम्ही ग्रास व्हॅलीजवळ राहतो, विहिरीच्या पाण्यावर. शहरातल्यांच्या लक्षात येत नाही म्हणून लिहितो: वीज गेली की आमचा पंप बंद, म्हणजे नळ कोरडे आणि संडासही. पहिल्या वर्षी आम्ही बॅटऱ्या, कंदील सगळं आणलं आणि पाणीच भरलं नाही. आता वॉर्निंग दिसली की बाथटब, पिंपं, मोठी पातेली भरून घेतो. माणशी दिवसाला एक गॅलन पिण्या-स्वयंपाकाला, बाकी वेगळं. घोडी आहे, तिला वेगळं पिंप.

जनरेटर आमच्याकडे आहे आणि त्याशिवाय भागत नाही. पण रानवाराच्या यजमानांना तीन गोष्टी सांगतो. तो दार-खिडक्यांपासून किमान वीस फूट लांब, धुराचं तोंड घराच्या विरुद्ध बाजूला. गॅरेजमध्ये, शटर उघडं ठेवूनसुद्धा, कधीही नाही. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो, झोपेत माणसं जातात, म्हणून बॅटरीवर चालणारा अलार्म झोपायच्या खोलीबाहेर हवाच. आणि दोन्ही टोकांना पिन असलेली वायर करून घराच्या सॉकेटमध्ये वीज सोडायची नाही. तुमची वीज उलटी तारेत जाते आणि काकांसारखा कुणीतरी वर काम करत असतो. इलेक्ट्रिशियनकडून ट्रान्सफर स्विच बसवून घ्या, त्याने घर एका वेळी तारेला किंवा जनरेटरला, एकालाच जोडलं जातं.

वायरमन_काका
डोंगरवाडी, शेवटच्या मुद्द्यासाठी तुमचे हात जोडून आभार. माझा एक सहकारी असाच भाजला होता.

जुईली
एक भाबडा प्रश्न. आमच्या छपरावर सोलर आहे, म्हणजे आम्हाला काळजी नाही ना?

ओम_व्होल्ट
आहे. बॅटरीशिवायचं, ग्रिडला जोडलेलं सोलर वीज गेली की आपोआप बंद होतं, भर दुपारी ऊन असलं तरी. कारण तेच, डोंगरवाडींनी सांगितलं ते: तारेवर काम करणाऱ्याला तुमच्या छपरावरून झटका बसू नये. बॅटरी किंवा बंद ग्रिडवर चालू शकणारा खास इन्व्हर्टर असेल तरच घर चालतं. काही बॅटऱ्यांत वादळाचा इशारा आला की आधीच पूर्ण चार्ज होऊन राहायची सोय असते, ती सुरू करून ठेवा.

जुईली
अरे देवा. विकणाऱ्याने हे सांगितलंच नव्हतं. आजच बघते.

मिरचीकांदा
गॅरेजबद्दल कुणीच लिहिलं नाही! २०१७च्या आगींत वीज गेल्यावर गॅरेजचं दार उघडता न आल्याने लोक अडकले. त्यानंतर कायदा झाला, १ जुलै २०१९पासून विकल्या जाणाऱ्या ओपनरला बॅटरी लागते. जुना ओपनर असेल तर वरून लोंबणारी लाल दोरी ओढून दार हाताने उचलायचं. माझ्या आईला ते दार उचलत नाही, म्हणून वॉर्निंग आली की आमची गाडी बाहेर, तोंड रस्त्याकडे. टाकी अर्ध्याच्या वर, ईव्ही असेल तर पूर्ण चार्ज. पंपही विजेवर चालतात आणि कार्डाची मशीनं पण, म्हणून थोडी सुटी रोकड.

निरभ्र
मोबाइलवर फार विसंबू नका. ऑक्टोबर २०१९च्या अखेरीस मरिन काउंटीत निम्म्याहून जास्त टॉवर बंद पडले होते. आम्ही आगीची बातमी कुठून मिळवायची या विवंचनेत गाडीतला रेडिओ लावून बसलो होतो. पुढच्या वर्षी राज्याच्या आयोगाने जास्त धोक्याच्या भागात टॉवरना ७२ तासांचा बॅकअप सक्तीचा केला, त्यामुळे सुधारणा आहे. तरीही बॅटरीवरचा रेडिओ हवा. आणि महत्त्वाचे नंबर कागदावर. माझ्या नवऱ्याचा नंबर मला पाठ नव्हता हे मला त्या रात्री कळलं.

गौरांगी
सॅन डिएगोहून. आमच्याकडे हे सगळ्यात आधी सुरू झालं, २००७च्या आगींनंतर. त्यामुळे आता शाळांपासून सगळ्यांना सवय आहे. मुलांना एकच सांगितलंय: सिग्नल बंद दिसला तर तो चारही बाजूंनी स्टॉप आहे. मुलगा नुकता गाडी शिकलाय, त्याच्याकडून हे दहा वेळा वदवून घेतलंय.

अवांतर: इन्सुलिनचं कुणाला हवं असेल तर, ५९ ते ८६ फॅरनहाइटमध्ये ते फ्रिजबाहेर २८ दिवस चालतं. बर्फावर थेट ठेवू नका, गोठलं की वाया.

सदाशिवपेठी
अवांतर नाही गौरांगीताई, आईच्या इन्सुलिनसाठी हे मी इथे पुण्यात लिहून ठेवलं.

डोंगरवाडी
अजून एक, हल्ली आमच्याकडे सूचना न देताच वीज जाते ते वेगळं प्रकरण आहे. २०२१पासून तारांवर जलद ट्रिप होणारी सेटिंग्ज लावली आहेत, फांदी टेकली की सेकंदाच्या दहाव्या भागात लाइन बंद. खारीमुळेसुद्धा जाते. त्याला मेसेज येत नाही. म्हणून ऑक्सिजनवाल्यांनी फक्त मेसेजच्या भरवशावर राहू नये. एक सिलिंडर मोसमभर पलंगाशेजारी, नीट अडकवून उभा.

पाणपोई
हेच लिहायला परत आले होते. आणि रानवारा, तुझ्या मूळ प्रश्नाचं माझं उत्तर जरा वेगळं आहे. जनरेटर की बॅटरी, हा प्रश्न दुसरा. पहिला प्रश्न: बाबांना घेऊन कुठे जायचं? ज्याचं मशीन दिवसभर लागतं त्याने वीज जायच्या आधी, वीज असलेल्या ठिकाणी जावं. कुणाचं घर, हॉटेल, काहीही. सिलिंडर आणि बॅटरी ही तिथे पोहोचेपर्यंतची आणि अचानक वीज गेल्यावरची सोय. लोक ‘बघू या’ म्हणत थांबतात, मग रात्री अॅम्ब्युलन्स बोलावतात, आणि त्या रात्री इमर्जन्सीत तशीच आणखी चार माणसं फक्त सॉकेटसाठी बसलेली असतात. मी हे पाहिलंय.

ठिणगी
पण वय झालेल्या माणसाला दर वेळी हलवायचं? २०१९ला दोन-तीन आठवड्यांत चार वेळा वीज गेली होती आमची. आमच्या आजोबांना प्रवासाचाच त्रास व्हायचा. आम्ही कर्ज काढून घरी मोठी बॅटरी बसवली आणि मला ते योग्यच वाटतं.

पाणपोई
ठिणगी, बॅटरी मोठी असेल आणि फक्त मशीनसाठी राखून ठेवली असेल तर घरी राहणं बरोबर आहे. पण आग खरंच जवळ आली तर तीच बॅटरी भिंतीवर सोडून निघावं लागेल. म्हणून जायची जागा तरीही ठरलेली हवी.

ठिणगी
हे पटलं.

रानवारा
तीन आठवड्यांनी धागा वर काढतेय, कारण सांगायला आता काहीतरी आहे.

फॉर्म मंजूर झाला. ऑक्सिजन कंपनीकडून चार सिलिंडर मिळाले. रविवारी दुपारी आम्ही मेन स्विच बंद करून रंगीत तालीम केली. नवऱ्याने आणि मोठ्या मुलीने रेग्युलेटर लावला, मी घड्याळ लावून बसले. पहिल्यांदा सात मिनिटं लागली, चौथ्यांदा दीड. बाबा सगळ्यांना सूचना देत होते, ते निवृत्त मुख्याध्यापक आहेत.

मग मागच्या मंगळवारी मेसेज आला, बुधवारी रात्री वीज जाण्याची शक्यता. नवरा म्हणाला, नक्की होतंय का ते सकाळी बघू. मी त्याला पाणपोईचा प्रतिसाद वाचून दाखवला. बुधवारी दुपारी जेवून आम्ही फ्रीमाँटला मैत्रिणीकडे गेलो, मशीन मागच्या सीटवर पट्ट्याने बांधून, सिलिंडर बाबांच्या पायाशी अडकवून. घरातली बाकीची उपकरणं काढून ठेवली, एक दिवा चालू ठेवला, म्हणजे शेजारच्यांना वीज आलेली खिडकीतून दिसेल. रात्री अकराला गेली. शुक्रवारी सकाळी नऊच्या सुमारास शेजारच्या काकूंचा फोन आला, तुमचा दिवा लागला.

चौतीस तास. बाबांना एकदाही धाप लागली नाही. मैत्रिणीच्या मुलाला त्यांनी पावकी-निमकी शिकवायला घेतली होती, तो आता त्यांना परत बोलावतोय. नवऱ्याला जनरेटर अजूनही हवाय, फ्रिजसाठी. त्यावर आमचं बोलणं चालू आहे.

समई
किती बरं वाटलं वाचून. फ्रीझर उघडला नाहीस ना?

रानवारा
नाही! घरी गेल्यावरच उघडला. बाटल्या अर्ध्या गोठलेल्या होत्या, थर्मामीटर ३४वर. दिवाळीचं खोबरं वाचलं.

पाणपोई
वापरलेले सिलिंडर बदलून घेतलेस का? मोसम अजून संपला नाही.

रानवारा
गाडीत एक अर्धा वापरला होता. आज सकाळीच बदलून आणला, पलंगाशेजारी लावलाय.